बाबांना वजन उचलू द्या

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरच्या फोनमध्ये एक संवाद हमखास असतो. "बाबा, काय करताय?" "काही नाही, बसलोय." "बरंय, आराम करा." आपण हे प्रेमाने म्हणतो. पण बाबांना किंवा आईला पार्किन्सन्स असेल, तर 'आराम करा' हा तुम्ही देऊ शकाल त्यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. तो का महाग पडतो आणि त्याऐवजी काय सांगायचं, हे आज बघू.

मी दोहात पोस्टडॉक करते, त्यामुळे उदाहरणं इथली येतील. तुम्ही डब्लिनला असा किंवा डॅलसला, मुद्दा बदलत नाही. कतारमध्ये एक गोष्ट मात्र ठळकपणे जाणवते. इथली बहुतेक लोकसंख्या नोकरीसाठी आलेल्या, कमावत्या वयाच्या लोकांची आहे, म्हणून म्हातारपण रोजच्या नजरेला पडतच नाही. पार्किन्सन्स आपल्याला दिसतो तो व्हिडिओ कॉलवर. चेहरा जरा कोरा वाटतो, आवाज बारीक झालेला असतो, कधी हात थरथरताना दिसतो. पण कॉलवर पाय दिसत नाहीत. खुर्चीतून उठायला किती प्रयत्न पडतात, वळताना पावलं कशी अडखळतात, हे कॅमेऱ्याबाहेर घडत असतं. आणि या आजारात माणसाचं स्वातंत्र्य बरंचसं त्या पायांवरच अवलंबून असतं.

ताकद नेमकी जाते कुठे?

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्याचा वाढदिवस ११ एप्रिल, म्हणून तोच आज जागतिक पार्किन्सन्स दिन. कंपाबरोबर स्नायूंची ताकद कमी होते, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. पुढे मात्र सगळ्यांचं लक्ष थरथर, ताठरपणा आणि मंद हालचाल या तीन लक्षणांकडे गेलं. अशक्तपणा 'वयोमानानुसार' या खात्यात जमा झाला.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते. मेंदूच्या तळाशी एका लहानशा भागातल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू मरतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. हालचालीचा हुकूम किती जोरात द्यायचा, हे ठरवण्यात डोपामीनचा मोठा वाटा असतो. रेडिओचा आवाज कमी केला तर गाणं तेच राहतं, फक्त ऐकू येत नाही. इथेही तसंच होतं. "ऊठ" हा हुकूम निघतो, पण मांडीच्या स्नायूपर्यंत क्षीण होऊन पोचतो. स्नायूतले जितके तंतू एका वेळी कामाला लागायला हवेत तितके लागत नाहीत, आणि जे लागतात तेही सावकाश. म्हणजे सुरुवातीला स्नायू ठीक असतो, त्याला मिळणारा आदेश कमजोर असतो.

यावर दुसरा थर चढतो. उठणं अवघड झालं की माणूस कमी उठतो. कमी उठलं की स्नायू वापरला जात नाही, आणि न वापरलेला स्नायू म्हातारपणात फार वेगाने झिजतो. आता आदेशही कमजोर आणि तो पाळणारा स्नायूही. मग पडण्याची भीती बसते, त्या भीतीने चालणं आणखी कमी होतं. हे चक्र तुमच्या घरात सुरू झालं असेल तर 'आराम करा' त्याला वंगण घालतो.

लेव्होडोपाच्या गोळ्या पहिल्या थरावर चांगलं काम करतात. दुसऱ्या थरासाठी गोळी नाही. तिथे वजनच उचलावं लागतं.

शिकागोतली दोन वर्षं

वजन उचलून खरंच फरक पडतो का? या प्रश्नावरचा मला सगळ्यात शिकवून जाणारा वाटतो तो अभ्यास शिकागोत झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॅनियल कॉर्कोस आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्स असलेल्या ४८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गट आठवड्यातून दोनदा व्यायाम करायचे, तोही पूर्ण २ वर्षं. एका गटाला स्ट्रेचिंग, तोल सांभाळण्याचे आणि हलके ताकदीचे व्यायाम होते. दुसऱ्या गटाला वजनाचे व्यायाम होते आणि ते वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं जायचं.

६ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. कोणी तिथेच थांबलं असतं तर 'कुठलाही व्यायाम करा, सगळं सारखंच' असा निष्कर्ष निघाला असता. पण एका वर्षानंतर गट वेगळे होऊ लागले. हलक्या व्यायामाच्या गटाची सुधारणा ओसरत गेली, वजन वाढवणाऱ्यांची टिकली. २ वर्षांनी, औषधाचा असर नसताना केलेल्या तपासणीत, दोन गटांत ७.३ गुणांचा फरक होता. ज्या मोजपट्टीवर हे गुण मोजले तिच्यावर ५ गुणांच्या आसपासचा फरक डॉक्टर मध्यम पण रुग्णाला जाणवेल असा मानतात.

अभ्यास लहान आहे, हे लक्षात ठेवायचं. व्यायामाने मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबतात, असंही त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर सावध राहा. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते: व्यायाम चालू ठेवणं पुरत नाही, भारही वाढत राहावा लागतो.

हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत कुठलाही वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका मारायला लावत नाही, आणि वर्षभर वीसवर थांबूही देत नाही. शरीराला जमलं की आकडा वाढतो. बाबांच्या पिढीतल्या अनेकांनी तरुणपणी जोर-बैठका मारलेल्या असतात. त्यांना 'प्रोग्रेसिव्ह रेझिस्टन्स ट्रेनिंग' सांगू नका. 'बैठका पुन्हा सुरू करायच्यात, पण खुर्चीवरून' म्हणा. समजूत पटकन पटते.

मग चालणं, योगासनं, ताई ची?

तेही हवं. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १५६ चाचण्या एकत्र करून आढावा घेतला. त्यात जवळपास ८ हजार रुग्ण होते. बहुतेक प्रकारच्या व्यायामांनी हालचाल आणि जगण्याची प्रत सुधारते आणि प्रकाराप्रकारांत फार मोठा फरक दिसत नाही, असं त्यातून निघालं. त्यामुळे ज्यांना नाचायला आवडतं त्यांनी नाचावं. पुण्यात हृषीकेश पवार यांचे पार्किन्सन्ससाठीचे नृत्यवर्ग त्यासाठीच ओळखले जातात.

तोल सांभाळण्याबद्दल २०१२ ची ओरेगनमधली चाचणी बघा. १९५ जण, २४ आठवडे, तीन गट: ताई ची, वजनाचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग. तोल सांभाळण्यात ताई ची पुढे होती. ताई ची करणारे स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा कमी वेळा पडले, पण पडण्याच्या बाबतीत वजनवाल्यांशी तुलना केली तर ठोस फरक दिसला नाही.

मग मी ताकदीवर एवढा जोर का देतेय? कारण आपल्या घरांमध्ये तेच सुटतं. डॉक्टर 'व्यायाम करा' म्हणाले की आपण त्याचं भाषांतर 'फिरायला जा' असं करतो. फार तर त्यात प्राणायाम येतो. सत्तरीच्या आईला कोणी वजन उचलायला सांगत नाही. अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशनच्या शिफारशीत मात्र चार गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: दमवणारा व्यायाम, ताकदीचा व्यायाम, तोलाचा व्यायाम आणि ताण देण्याचा व्यायाम. ताकदीसाठी आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, साधारण अर्धा तास, मोठ्या स्नायूंसाठी प्रत्येकी १० ते १५ आवर्तनं, असं त्यात सांगितलंय.

घरी काय करायचं

जिम लागत नाही. भक्कम, बिनचाकाची खुर्ची, भिंत, ओटा आणि एक रबरी पट्टा पुरे.

१. खुर्चीतून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पाय मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे नेत वाकायचं आणि उठायचं. जमलं तर हातांचा आधार न घेता. हा एकच व्यायाम करायचा असेल तर हा करा. संडासातून उठणं, गाडीतून उतरणं, पलंगावरून उठणं, सगळं यातच आलं.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून.

३. ओटा धरून टाचा उचलणं.

४. पट्टा दाराच्या कडीला नीट अडकवून दोन्ही कोपर मागे खेचणं. पार्किन्सन्समध्ये पाठ पुढे वाकत जाते, म्हणून पाठीचे स्नायू विसरायचे नाहीत.

५. कठडा धरून एकाच पायरीवर चढणं-उतरणं.

वजन किती? शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत. पंधराव्या आवर्तनालाही बाबा आरामात गप्पा मारत असतील तर भार कमी पडतोय. सलग दोन वेळा १५ सहज झाली की भार वाढवायचा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, हे सोपं माप आहे. उठ-बस करताना आधी रिकामे हात, मग छातीशी एक बाटली, मग दोन, मग तांदळाची लहान पिशवी. सगळं वहीत लिहायचं. वहीतला आकडा महिनाभर हलला नाही तर कुठेतरी अडलंय, हे लगेच कळतं.

दोन गोष्टी पार्किन्सन्ससाठी खास. पहिली, वर जाताना जोरात आणि खाली येताना सावकाश. मंदपणा हाच या आजाराचा गाभा असल्यामुळे वेगाने जोर लावायचा सराव वेगळा करावा लागतो. दुसरी, आकडे मोठ्याने मोजायचे, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जातील इतक्या मोठ्याने. त्यामुळे श्वास रोखला जात नाही आणि बारीक झालेल्या आवाजालाही व्यायाम होतो.

सुरू करण्याआधी

न्यूरोलॉजिस्टना विचारा. हृदयविकार, हाडांचा ठिसूळपणा, गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर हे विचारणं टाळूच नका. पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्ट समोर असावा. शिवाय या चार गोष्टी सांभाळा.

वेळ: गोळीचा असर चांगला असतो त्या काळात व्यायाम करायचा. बऱ्याच जणांना गोळीनंतर पाऊण ते एक तासाने तो काळ मिळतो. प्रत्येकाचं गणित वेगळं असतं, म्हणून आधी आठवडाभर नोंद ठेवा.

रक्तदाब: उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरणं या आजारात नेहमीचं आहे. आधी आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि तोवर बसूनच व्यायाम करा.

प्रथिनं: स्नायूंना ती हवीतच. पण जेवणातली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येऊ शकतात. म्हणून काही घरांत डाळ-उसळच बंद होते. तसं करू नका. गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उसळ ताटात राहू द्या.

पडणं: पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील किंवा अलीकडे एकापेक्षा जास्त वेळा पडणं झालं असेल, तर उभ्याचे व्यायाम एकट्याने अजिबात नाहीत.

आई-बाबा दोहात येतात तेव्हा

आपण त्यांना महिना-दोन महिन्यांसाठी बोलावतो आणि नेमका तिथेच व्यायाम तुटतो. एक तर घर अनोळखी, दुसरं म्हणजे ऊन. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० या वेळेत उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. धडधाकट कामगारांसाठी ही काळजी, तर पार्किन्सन्सच्या माणसाचं काय? या आजारात घाम येण्याची यंत्रणाही बिघडू शकते. कंपासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध घाम आणखी कमी करतं. पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो आणि बद्धकोष्ठता वाढते. म्हणून उन्हाळ्यात 'संध्याकाळी कॉर्निशवर फिरवून आणू' हा बेत सोडा. सकाळी मॉलमध्ये चालवा, किंवा उम्म अल सनीम पार्कमधल्या वातानुकूलित ट्रॅकवर न्या. ताकदीचा व्यायाम तर हॉलमध्ये एसी लावूनच होतो, त्याला ऋतू आडवा येत नाही. निवड तुमच्या हातात असेल तर त्यांना फेब्रुवारीत बोलवा. हवा छान असते आणि दुसऱ्या मंगळवारी राष्ट्रीय क्रीडादिनाची सुट्टी असते. २०१२ पासून या दिवशी अख्खा देश व्यायामाला बाहेर पडतो.

पैशाचंही बघून ठेवा. फेब्रुवारी २०२३ पासून पाहुण्यांना महिन्याला ५० रियालचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण तो तातडीच्या उपचारांसाठी आणि अपघातांसाठी आहे. नेहमीची फिजिओथेरपी त्यात धरू नका. गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. त्यांतलं कुठलं औषध कतारमध्ये बंदीच्या यादीत तर नाही ना, ते निघण्याआधी तपासा. व्यायामाची वहीही बॅगेत टाकायला सांगा, म्हणजे इथे पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

आपला पैसा काय विकत घेतो?

आपण परदेशातून पैसे पाठवतो, आणि त्या पैशातून बहुतेक वेळा आराम विकत घेतला जातो. मऊ सोफा येतो, त्यातून उठणं आणखी अवघड. ब्युरोच्या मावशी किंवा मामा येतात. ते बाबांना हाताला धरून उठवतात, शर्टाची बटणं लावतात, पाण्याचा पेला हातात आणून देतात. त्यांचा दोष नाही, त्यांना आपणच तसं सांगितलेलं असतं. पण दिवसातून वीस वेळा खुर्चीतून उठणारा माणूस वीस बैठका मारत असतो. प्रत्येक वेळी त्याला ओढून उठवलं तर त्या वीस बैठका आपण पगार देऊन काढून घेतो.

तेच पैसे वेगळे वापरता येतात. आठवड्यातून दोनदा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. उंच, कडक बैठकीची खुर्ची. संडासात आणि जिन्यात पकडायला दांड्या. आणि मावशींना एक स्पष्ट सूचना: "जवळ उभ्या राहा, पण आधी त्यांना स्वतः उठू द्या. अडलं तरच हात द्या." याला वेळ लागतो. बटणं लावायला दहा मिनिटं जातात. ती जाऊ द्यायची.

मराठी घरांना या बाबतीत मोठा आधार आहे. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतं. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करतेय. इतरांबरोबर केलेला व्यायाम जास्त टिकतो. बाबा 'मला नाही जमणार' म्हणत असतील, तर मुलीच्या दहा व्याख्यानांपेक्षा त्यांच्याच वयाच्या शुभार्थीने एकदा सांगितलेलं जास्त लागू पडतं.

आणि तुम्ही? तुम्ही लांबचे शुभंकर आहात, पण बिनकामाचे नाही. दोहात सकाळचे साडेसहा म्हणजे पुण्यात नऊ. आठची गोळी लागू पडलेली असते आणि तुमचं ऑफिस सुरू व्हायचं असतं. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, फोन समोर टेबलावर पूर्ण माणूस दिसेल असा ठेवायला सांगा, आणि तुम्हीही खुर्ची ओढून बरोबर उठ-बस करा. महिन्यातून एकदा घड्याळ लावा: हात छातीशी बांधून पाच वेळा उठून-बसायला किती सेकंद लागतात? घरातलं कोणीतरी शेजारी उभं असू द्या. पार्किन्सन्समध्ये १६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला असू शकतो. ते डॉक्टरांच्या कानावर घाला. एका आकड्याने घाबरून जायचं नाही. तो आकडा महिन्या-महिन्याला कुठल्या दिशेने सरकतोय, ते बघायचं.

पुढच्या फोनवर "काय करताय?" असं विचाराल तेव्हा उत्तर "बसलोय" आलं, तर "आज किती वेळा उठलात?" असंही विचारा. सुरुवातीला चिडतील. पंधरा दिवसांनी आकडा स्वतःहून सांगायला लागतील.